दर आठवड्याचे सहाशे दोन डॉलर

ग्लेनचा मेल दोनच ओळींचा. किटिओने हा आपला व्हॅनवाला करार अर्धवट सोडून परवा टोंगाला परत जातोय, आज चारला ऑफिसात येईल, त्याचा शेवटचा पगार काढून ठेव. खाली नेहमीसारखं 'चिअर्स'. ग्लेन आमचा मालक, इथल्या द्राक्षमळ्यांना माणसं पुरवतो. त्याला माणूस आला काय नि गेला काय, चिअर्सच. मी मेल वाचला, चहा करायला उठले, किटली भरली आणि बटण न दाबताच परत खुर्चीत येऊन बसले. पंधरा वर्षं मी ऑस्ट्रेलियातल्या रॉबिनवेलच्या या पत्र्याच्या खोलीत बसून लोकांचे पगार काढतेय. माणसं येतात, द्राक्षं तोडतात, जातात. कुणाचा शेवटचा पगार काढताना माझा हात कधी अडला नव्हता. आज अडला. बावीस तास, तासाला एकोणतीस डॉलर, म्हणजे सहाशे अडतीस. त्यातून टॅक्स, शेकडा पंधरा, पंच्याण्णव डॉलर सत्तर सेंट. खोलीचं भाडं दीडशे. व्हॅनचे साठ. आजारपणाच्या विम्याचे तेरा सत्तर. हातात पडणार तीनशे अठरा डॉलर साठ सेंट. एवढ्याला मला एरवी मिनिट लागत नाही. आज वीस मिनिटं लागली, आणि दोनदा तर मी टॅक्स कापायचाच विसरले. बाहेर मार्चचं ऊन रणरणत होतं. वाळत घातलेल्या द्राक्षांचा आंबूस गोड वास आत येत होता. बावीस वर्षं इथे राहून मला तो वास कधी आवडला नाही, पण आज त्याने डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे मी वासाचं नाव पुढे केलं, एवढंच.

किटिओने गेल्या जूनमध्ये टोंगाच्या वावाऊ बेटावरून आला, आणखी दहा जणांबरोबर. मीही मूळची टोंगाचीच. एकोणचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. त्याच्याकडे लायसन्स होतं म्हणून ग्लेनने व्हॅन त्याच्या ताब्यात दिली, आणि व्हॅनवाला म्हणून दर गुरुवारी अकरा जणांच्या पगाराच्या स्लिपा न्यायला तोच यायचा. खरं म्हणजे स्लिपा फोनवर जातात, पण आमच्या माणसांना कागद लागतो, हातात धरता येणारा. पहिल्या गुरुवारी त्याने स्वतःची स्लिप बघितली आणि उभाच राहिला. एक बोट वरच्या अकराशे दोनवर, दुसरं खालच्या सहाशे वीसवर. मधलं कुणी खाल्लं, असं त्याने विचारलं, अगदी हळू, म्हणजे खाणारी मीच असेन तर मला वाईट वाटू नये. मी म्हटलं, बस. अडतीस तासांचे अकराशे दोन. त्यातले एकशे पासष्ट तीस सरकारचे, ते तुझ्या हाताला लागायच्या आधीच जातात. भाडं दीडशे. व्हॅनचे साठ. तेव्हा तो हसायला लागला. म्हणाला, "गाडी मीच चालवायची आणि तिचं भाडंही मीच द्यायचं? असा ड्रायव्हर ग्लेनला शोधून मिळायचा नाही." विम्याचे तेरा सत्तर, आणि विमानाचं भाडं ग्लेनने आधी भरलेलं, त्याचे दर आठवड्याला त्र्याण्णव, जानेवारीपर्यंत. त्याने माझी पेन्सिल घेतली, कागदाच्या पाठीवर स्वतः वजाबाकी मांडली, आणि खाली बरोब्बर सहाशे वीस उरले तेव्हा पोरासारखा खूश झाला. पगार अर्ध्यावर आल्याचं दुःख राहिलं बाजूला, गणित जमल्याचा आनंद. मला वाटतं माझं बिनसलं ते त्याच दिवशी.

बाकीची सगळी मंडळी मला आत्या म्हणतात. माझा आवाज चढा, जीभ तिखट, केस पांढरे, तेव्हा आत्या शोभतेच मी. किटिओने तेवढा मला नावाने, 'लेसिएली' म्हणायचा. चारला यायचा, पाचला जायचा. अकरा स्लिपांना दहा मिनिटं पुरतात. उरलेला वेळ आम्ही बोलायचो, काय बोलायचो ते आता आठवायला गेलं तर हाताला काही लागत नाही. मासेमारीच्या गोष्टी, त्याच्या मुलीच्या पडलेल्या दाताची गोष्ट, ग्लेनच्या चालण्याची नक्कल. मी बुधवारी रात्री लू करून ठेवायला लागले, अरवीच्या पानांत खारवलेलं मांस आणि नारळाचं दूध बांधून, आणि त्याला म्हणायचे, उरलं होतं. एकटीच्या घरात लू उरतंच कसं, हे त्याने कधी विचारलं नाही. आरशात बघायचं मी आई गेली तेव्हापासून सोडून दिलं होतं. आईचं दुखणं काढण्यात माझी लग्नाची वर्षं गेली, त्याचं मी कधी रडगाणं गायलं नाही. पण गुरुवारी सकाळी मी परत आरशापुढे उभी राहायला लागले. शेहेचाळिसाव्या वर्षी ही थेरं. मला तो आवडत होता. हे वाक्य मी आजपर्यंत मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं, अर्ध्यावर तोडत होते, टॅक्स कापल्यासारखं.

आमच्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, तू कुणाचा. मग गाव, मग आजा, मग पणजी. बेटं इवलीशी, कुठे ना कुठे धागा सापडतोच. आणि धागा सापडला की पुरुष आणि बाई भाऊबहीण होतात. चुलत, मावस, तिसऱ्या पिढीतलं, दत्तक घेतलेलं, सगळं एकच. हे नातं नुसतं हाक मारण्यापुरतं नसतं. बहिणीचा मान मोठा, पण तो लांबून द्यायचा. तिच्यासमोर थट्टामस्करी नाही, तिच्यासमोर पाय पसरून बसणं नाही, टीव्हीवर बाईपुरुषांचं काही लागलं तर दोघांतलं एक मुकाट्याने उठून जातं. एकदा शब्द उच्चारला की तो परत घेता येत नाही. किटिओनेने मला दुसऱ्याच गुरुवारी विचारलं होतं, तू कुठली. मी गाव सांगितलं. तो म्हणाला, अरे, माझे आजोबा त्याच गावचे. आणि माझ्याकडे बघत राहिला, पुढचं मी सांगेन म्हणून. मला पुढचं माहीत होतं. ज्या मावशीने मला आणि आईला इथे आणलं ती मरेपर्यंत तेच सांगत होती, की वादळात आईबाप गेलेलं एक चार वर्षांचं पोर माझ्या आजीच्या घरी आलं, आजीच्या पाठचा भाऊ म्हणून वाढलं, आणि मोठेपणी वावाऊच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिलं. त्या पोराचं आडनाव आणि किटिओनेच्या स्लिपेवरचं आडनाव एकच होतं. मी म्हटलं, असतील बाबा, गाव मोठं आहे. गाव कसलं मोठं, चाळीस घरं. पण मी त्या गावचीच नाही असा चेहरा करून प्रिंटरमध्ये कागद भरत बसले.

फूसीबद्दल मला सगळं त्याच्याकडूनच कळत होतं. फूसी त्याची बायको, गावातल्या शाळेत शिक्षिका, चौथीला गणित शिकवते. तो इथे पोचला त्या संध्याकाळी त्याने तिला फोन करून सांगितलं होतं, आठवड्याला अकराशे दोन डॉलर. करारावर तोच आकडा ठळक छापलेला. तिने तो फळ्यावर लिहावा तसा मनात लिहून ठेवला. मग दर शुक्रवारी घरी पोचायला लागले पाचशे. सहाशे वीसमधले एकशे वीस तो पोटापाण्याला ठेवायचा, बाकी सगळे पाठवायचा, अगदी सगळे. फूसीने वजाबाकी केली. अकराशे दोन वजा पाचशे. दर आठवड्याला सहाशे दोन डॉलर कुठे जातात? गावात पगार म्हणजे पगार, जेवढा ठरला तेवढा हातात. राहायला जागा लागली तर नातेवाइकाच्या घरी चटई टाकायची, तिचं भाडं कोण घेणार? सरकारही त्या पगारात हात घालत नाही. आणि पगार सांगताना आपण मोठा आकडा सांगितला, मग तो खाली कसा आणायचा, म्हणून हा शहाणा कित्येक आठवडे काही बोललाच नाही. सप्टेंबरात चर्चमध्ये वर्षाच्या दानाचा दिवस आला. त्या दिवशी प्रत्येक घराचं नाव आणि रक्कम मोठ्याने वाचतात. ऑस्ट्रेलियात माणूस असलेल्या घराकडून सगळ्यांना आशा असते. फूसीच्या घराची रक्कम वाचली गेली आणि मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. घरी येऊन तिने त्याला फोनवर विचारलं ते फक्त एवढंच, तिचं नाव काय? सहाशे दोन डॉलरांत एक दुसरं घर आरामात चालतं, हे तिचं उत्तर तयार होतं. हिशोब चोख होता तिचा. माझ्या पंधरा वर्षांत मी एवढा चोख चुकीचा हिशोब बघितला नव्हता.

तेव्हा मात्र त्याने तिला सगळं सांगितलं, टॅक्स, भाडं, व्हॅन, विमान. पण आधी महिनोन्‌महिने गप्प राहून मग एकदम सांगितलेलं खरंसुद्धा बनवल्यासारखं वाटतं. स्लिपेचा फोटो पाठवला तर म्हणाली, कागद काय, कुणीही छापतं. मग ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तो माझ्यासमोर बसला, लूला हात लावला नाही, आणि म्हणाला, "तू बोल तिच्याशी. तू ऑफिसची आहेस. तुझ्या तोंडून ऐकलं तर पटेल तिला." मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. त्याच्या घरचं संकट माझ्या हातात आलं, माझ्यावाचून ते सुटणार नव्हतं, याचाच आनंद. नंबर घेतला, शुक्रवारी दुपारी, तो मळ्यात असताना, फोन लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फूसीचा आवाज मला वाटला होता त्याहून लहान निघाला. मी नाव सांगितलं, ऑफिस सांगितलं, आणि एकेक ओळ सांगायला लागले. मला त्याची स्लिप समोर ठेवावी लागली नाही. एकशे पासष्ट तीस, दीडशे, साठ, तेरा सत्तर, त्र्याण्णव. एकूण चारशे ब्याऐंशी. मग मी म्हटलं, तुम्हाला पाचशे पाठवून उरलेल्या एकशे विसात तो आठवडा काढतो, सकाळी पाव खातो, कॅनमधला मासा दोन दिवस पुरवतो, बुधवारपर्यंत पैसे संपतात. मला वाटलं मी त्याची बाजू मांडतेय. माझं संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "त्याच्या पगारातला सेंट न् सेंट तुम्हाला पाठ आहे. तो काय खातो तेही माहीत आहे. मला, त्याच्या बायकोला, यातलं काही माहीत नव्हतं." मग म्हणाली, "तुम्ही त्याच्या कोण?"

आमच्या भाषेत हा प्रश्न रोजचा आहे. रागाने विचारला नव्हता. उलट मला आता वाटतं, तिने मला दार उघडून दिलं होतं, नीट धरून ठेवलं होतं, की बाई, एक शब्द बोल आणि आत ये. बहीण. मी त्याची बहीण, त्याचे आजोबा माझ्या आजीच्या घरात वाढले. एवढं म्हटलं असतं तर ती तिथल्या तिथे हसली असती, माझी माफी मागितली असती, मला नणंद म्हणाली असती, आणि नणंदेच्या शब्दावर आमच्याकडची बायको शंका घेत नाही. खोटंही नव्हतं ते. शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण तो बाहेर पडला की गुरुवार संपणार होते. तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसणार नव्हता, ग्लेनची नक्कल करणार नव्हता, दारात उभा राहून, मान खाली घालून स्लिपा नेणार होता. किती वेळ गेला असेल? तीन सेकंद, चार. फोनवर समुद्राच्या वाऱ्याचा आवाज येत होता, कुठेतरी कोंबडा आरवत होता. मग मी म्हटलं, मी ऑफिसात पगार काढते. फूसी म्हणाली, "बरं." आणि तिने फोन ठेवला. चौथीची मुलं उत्तर द्यायला अडखळली की बाईंना कळतं, पाठ नाही म्हणून अडखळली की लपवायचं आहे म्हणून.

पुढच्या गुरुवारी किटिओने आला, म्हणाला, ती फोन उचलत नाही, वेड लागलंय तिला, मेसेजमध्ये तसंच लिहिलंय मी. मी म्हटलं, उचलेल. नाताळच्या आधी तिने निरोप पाठवला, पैसे पाठवू नकोस. जानेवारीत विमानाचं भाडं फिटलं आणि त्याच्या हातात दर आठवड्याला त्र्याण्णव डॉलर जास्त पडायला लागले, त्याच आठवड्यात फूसी दोन्ही मुलांना घेऊन भावाकडे न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला निघून गेली. त्याने ती स्लिप बघितली, सातशे तेरा, आणि म्हणाला, आता कशाला. तरी मी त्याला सांगितलं नाही. तो गुरुवारी यायचा, बसायचा, बोलायचा कमी. मी लू पुढे करायचे, तो दोन घास खायचा, माझ्या समाधानासाठी. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, बघा, गुरुवार, चार ते पाच, समोरची खुर्ची. आणि त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं घर मी मोडलं होतं. रोज रात्री ठरवायचे, सांगून टाकू. सकाळी वाटायचं, आता सांगून काय, त्याच्या मनाला नवा त्रास. माणूस स्वतःच्या भित्रेपणाला दया म्हणायला लागला की त्याचं काही खरं नसतं.

चारला तो आला. चपला दारात काढल्या, नेहमीच्या खुर्चीत बसला. अंगात इस्त्रीचा शर्ट, प्रवासाचा असावा. मी स्लिप पुढे सरकवली, कुठे सही करायची ते दाखवलं. त्याने न वाचता सही केली. टोंगाला जाऊन, मुलांना भेटायला म्हणून न्यूझीलंडचा व्हिसा मागणार, मिळेल न मिळेल, असं काहीसं सांगत होता, मधेच थांबला. म्हणाला, काल फूसीचा मेसेज आला, दोन महिन्यांनी पहिला. पैशाचं काही नाही, मुलांचं काही नाही. "एकच विचारलंय तिने. त्या दिवशी ती बाई गप्प का झाली?" मग माझ्याकडे बघून, घाईघाईने, जणू मलाच संकटातून सोडवायला, म्हणाला, "लाइन गेली असेल ना? मी तसंच कळवतो."

मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्याने खोटं माझ्या पुढ्यात वाढून ठेवलं होतं, निवडून, शिजवून. तो गेला असता, मला कधी वाईट म्हणाला नसता, आणि मी इथे बसून त्याच्या भल्यासाठी प्रार्थना केली असती. पण ते उत्तर ऑकलंडला पोचणार होतं, आणि तिथे एक बाई ते वाचून परत एकदा स्वतःलाच विचारणार होती, मी वेडी आहे का. मला तिचा तो 'बरं' ऐकू आला.

"लाइन नव्हती गेली," मी म्हटलं. "तिने विचारलं, तुम्ही त्याच्या कोण. तुझे आजोबा माझ्या आजीच्या घरात वाढले, किटिओने, तिचा भाऊ म्हणून. मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. बहीण म्हणता आलं असतं. मला म्हणायचं नव्हतं."

तो टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघत होता. त्याला कळायला वेळ लागतोय असं मला वाटलं, पण कळलं होतं, तो मागचे गुरुवार एकेक करून परत बघत होता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "म्हणजे फूसी चुकली नव्हती." मग स्वतःशीच, "पाच महिने मी तिला वेडी म्हणतोय."

मी काही बोलणार, तर त्याने हाताने थांबवलं, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच लावला. ती उचलेल असं त्यालाही वाटलं नसावं, कारण पलीकडून आवाज आल्यावर तो खुर्चीतून अर्धा उठला. मग म्हणाला, "फूसी, ठेवू नकोस. पैशाचं बोलत नाही. तुला त्या दिवशी जे ऐकू आलं, ते होतं. माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ. पण तुझे कान खोटे नव्हते. मी तुला वेडी म्हटलं, ते माझं चुकलं." तिने फोन ठेवला नाही. मग रडण्याचा आवाज आला, बारीक, तोंडावर हात धरून रडल्यासारखा. तो तिला घरातल्या नावाने हाक मारायला लागला, ते नाव मला ठाऊक नव्हतं. मी उठले. माझ्याच ऑफिसातून, माझ्याच खुर्चीतून उठले, दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले. भाऊ बायकोशी बोलत असला की बहीण तिथे थांबत नाही.